बांधीतली माती पाहायला

माझी मोठी बहीण माझ्याहून बरीच मोठी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मीही तिला बाईच म्हणते. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की आईचा चेहरा मला आठवत नाही. आठवतो तो बाईचा. तिला दूरच्या गावचं चांगलं स्थळ आलं होतं, पण तिनं बाबांना सरळ सांगितलं, "लाहान पोरीले टाकून मी कुठी जाऊ?" मग तिचं लग्न गावातच झालं, आमच्या घरापासून चार घरं सोडून. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, वर्धा आणि वैनगंगा जिथे मिळतात तिथून जवळच. मासे धरणं हे आमच्या घराण्याचं काम. बाबा नदीत डोंगा, म्हणजे लहान होडी, घालायचे. बाई गावच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लहान जाळ्यानं झिंगे धरायची आणि बाजाराच्या दिवशी गोंडपिपरीला नेऊन विकायची. भाऊजींची नदीकाठी थोडी धानाची शेती होती. आमच्याकडे बांध घालून केलेल्या धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात. भाऊजींच्या अशा पाच-सहा बांध्या होत्या आणि लग्न झाल्यापासून बाई त्यांत राबत होती.

पूर आला की बाई मला संगमावर घेऊन जायची. वर्धेचं पाणी कापसाच्या काळ्या रानातून येतं, ते काळसर. वैनगंगेचं पिवळट. दोन्ही नद्यांचं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहत जातं, मिसळायला मागत नाही. मी विचारायची, "बाई, हे पानी कुठी जाते?"

"सिरोंच्याले."

"मंग?"

"मंग गोदावरीत."

"मंग?"

"मंग समुद्रात. आता चाल घरी, मले चूल पेटवाची हाय."

चंद्रपूरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं. पुढचं शिक्षणही झालं. आणि बरीच वर्षं इकडेतिकडे कामं केल्यावर मला समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली, गोदावरी समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावर. तिकडे सगळी बोली तेलुगू. मला ती धड येत नव्हती. पहिलं वर्ष मी जवळजवळ मुकीच होते. संध्याकाळी बाईला फोन लावायची तेव्हा तोंड उघडायचं.

बाईला माझं काम समजावून सांगणं सोपं नव्हतं. "मासे धरतेस का तू तिथी?" तिनं विचारलं.

"मासे नाई. माशायचं खानं धरतो आमी."

"मंजे गांडूळ?"

मी हसले. समुद्राच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात, आणि त्यांना खाणारे तितकेच बारीक जीव असतात. या सगळ्यांना प्लवक म्हणतात. त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात. जमिनीवर जसं गवत, तसं समुद्रात हे. आणि गवताला जसं खत लागतं, तसं यांनाही लागतं. ते खत बरंचसं नद्या आणून टाकतात. नदी किती आणते, त्यावर समुद्रात किती उगवतं, हे मोजणं आमचं काम. आठवड्यातून दोनदा बोटीनं मुखापाशी जायचं, बाटल्यांत पाणी भरायचं, बारीक कापडाचं जाळं ओढायचं आणि प्रयोगशाळेत येऊन तपासायचं.

"मंजे नदीच्या जोरावर समुद्राची शेती," बाई म्हणाली. मला ते आवडलं. मी तसंच आमच्या मॅडमना सांगितलं. त्या आमच्या कामाच्या प्रमुख. त्यांनाही आवडलं.

त्या वर्षी पावसानं उशीर केला आणि मग एकदम जोर धरला. आम्हाला तिकडे बातम्यांमधून कळत होतं की वैनगंगा फुगली आहे, वर्धा तिला मिळून पुढे होते ती प्राणहिता दुथडी आहे. मॅडम खूश होत्या. मोठा पूर समुद्रात उतरताना पहिल्या दिवसापासून मोजायला मिळणं ही आमच्या कामात पर्वणीच. मीही खूश होते. बाटल्या धुऊन ठेवल्या, दोऱ्या तपासल्या, नावाड्याला सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईचा फोन आला. ती म्हणाली, "बांध्या गेल्या वं."

"गेल्या मंजे?"

"धानाचा रोवना झाला होता. खत बी टाकलं होतं परवाच. पानी बांधावरून आलं अन् बांध फुटले. खालच्या बांध्यायची माती गेली सारी. आता रेतीच रेती हाय. तुये भाऊजी सकाळपासून तिथीच बसून राह्यले."

"घर ठीक हाय ना?" मी विचारलं. घर ठीक होतं, बाबांचा डोंगाही ठीक होता. फोन ठेवला तेव्हा समोर धुतलेल्या बाटल्या ओळीनं सुकत होत्या. ज्या पाण्याची मी इतकी वाट पाहत होते, ते वाटेत माझ्या बहिणीची शेती घेऊन येत होतं. मी तशीच गावी निघाले असते, पण रस्ते बंद होते. बाई म्हणाली, "येऊन काय करशीन? तुयं काम कर."

पाणी यायला काही दिवस लागले. एका सकाळी नावाड्यानं खाडीच्या तोंडाशी बोट वळवली आणि पुढे हात केला. खारफुटीच्या झाडांच्या पलीकडे समुद्र तपकिरी झाला होता. मधे फेसाची एक लांब रेघ, तिच्या अलीकडे चहासारखं पाणी, पलीकडे निळं. त्या रेघेवर ओंडके, पेंढ्या, प्लास्टिक, एक मेलेली कोंबडी, सगळं गोळा होऊन डोलत होतं. आम्ही पाणी किती गढूळ आहे ते पाहायला दोरीला बांधलेली एक पांढरी थाळी खाली सोडतो आणि ती दिसेनाशी कधी होते ते पाहतो. त्या दिवशी ती हातभरही खाली गेली नाही तोच दिसेनाशी झाली.

मी काम केलं. एकही नमुना चुकवला नाही. पण बोटीवरून उतरल्यावर बाईला फोन लावला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, पानी आलं."

"कोनतं?"

"आपलं. पुराचं."

तिनं हळूच विचारलं, "माती बी आली काय?"

"आली. लय आली."

मला वाटलं, मी बोलायला नको होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मी पाहाले येऊ काय?"

बाई तोपर्यंत एकटी चंद्रपूरच्या पुढे गेली नव्हती. भाऊजी नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनीच तिला बल्लारपूरला आणून गाडीत बसवून दिलं. मागून मला फोन करून म्हणाले, "जाऊ दे तिले. इथी ते जेवून नाई राह्यली."

विजयवाड्याला गाडी बदलायची होती. मी तिथे घ्यायला गेले. मनात धाकधूक होती, भाषा येत नाही, गर्दीत कुठे उतरेल, कुणाला काय विचारेल. गाडी थांबली तेव्हा बाई दारात उभी होती आणि तिच्या मागे एक म्हातारी तिची पिशवी धरून उभी होती. दोघी तेलुगूत बोलत होत्या. म्हातारीनं मला पाहून काहीतरी विचारलं, बाईनं उत्तर दिलं, दोघी हसल्या.

"तुले तेलुगू कधीपासून येते?" मी विचारलं.

"मिरची तोडाले जात होतो ना आमी तिकडे. तू चंद्रपूरले शिकत होतीस तवा. दरसाल दोन-दोन महिने." तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "लेकुरवाळ्या बाया जात, मी बी जात होतो. तुले सांगतलं नव्हतं. तुयं लक्ष अभ्यासातून उडालं असतं."

मी पिशवी घेऊन चालत राहिले. उन्हाळ्याच्या तोंडाशी घरी आले की बाईचे हात तापल्यासारखे लाल असत, ते मला आठवत होतं. ती म्हणायची, चुलीनं भाजलं.

माझ्या खोलीवर आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते माझ्या डोक्याला तेल लावण्याचं. "काय अवतार केलास," म्हणाली. "खारं वारं लागून केसायचं दोरखंड झालं." मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तेल चोळता चोळता ती म्हणाली, "ते शेत इकून टाकू म्हन्ते तुये भाऊजी. कारखान्यात कामाले जातो म्हन्ते." तिची बोटं चालूच होती.

दोन दिवसांनी आमची बोट निघणार होती. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, ने. बाई नावाड्याच्या बायकोनं दिलेल्या जुन्या टोपीखाली पदर घट्ट खोचून बसली. ती टोपी, तो पदर आणि वर नारंगी रंगाचं तरंगायचं जाकीट, अशी ती मला लहान मुलीसारखी दिसली. खाडीतून बाहेर पडेपर्यंत ती किनाऱ्याकडेच बघत होती. बाहेर पडल्यावर तिनं समोर पाहिलं, आणि तिचं तोंड उतरलं.

"हाच समुद्र काय?"

"हाच."

"हा तं आपल्या नदीसारखाच गढूळ हाय. मले वाटलं निळा असन."

"निळा पुढे हाय. हे सारं नदीचं पानी."

तिनं ओणवं होऊन हात पाण्यात घातला आणि ओठाला लावला. मी अडवलं नाही. ती तोंडात पाणी घोळवत राहिली. "अर्धं आपलं हाय," म्हणाली. ते खरंही होतं. पुरात तिथलं वरचं पाणी निम्मंशिम्मं गोडच असतं.

पूर येऊन तोवर बरेच दिवस झाले होते. गाळ खाली बसू लागला होता. मी थाळी सोडली आणि दोरी बाईच्या हातात दिली. ती वाकून बघत होती. "दिसते... दिसते... अजून दिसते... गेली." पहिल्या दिवसाच्या कितीतरी पट खाली गेली होती थाळी. मी तिला सांगितलं की इतके दिवस या पाण्यात खत भरपूर होतं, पण उजेड खाली उतरत नव्हता, म्हणून काही उगवत नव्हतं. आता उजेड पोचतोय. आणखी पुढे गेलो तसा पाण्याचा रंग बदलला. तपकिरी विरत विरत हिरवट झाला, शेवाळलेल्या टाक्यासारखा. नावाड्यानं बोट हळू केली. तिथे पाण्यावर पक्षी घिरट्या घालत होते आणि मासेमारीच्या होड्या दाटीनं उभ्या होत्या.

"हे काऊन हिरवं?"

"हेच ते. समुद्राची शेती."

प्रयोगशाळेत आल्यावर मी त्या हिरव्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला आणि तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पहिल्यांदा तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. "काळे काळे केस दिसून राह्यले," म्हणाली. सगळ्यांचं असंच होतं. मी तिचं डोकं धरून थोडं मागे केलं. ती एक डोळा मिटून बसली, मग दुसरा.

"जिते हायेत हे?"

"हो."

"काचेच्या बांगड्यायचे तुकडे वाटते. हे पाह्य, एकाले एक जोडून साखळी केली यायनं. अन् हे डबीसारखं." तिनं बोट पुढे केलं, जणू ते उचलता येणार होतं. "काच कुठून आनते हे?"

"यायचं कवच खरंच काचेसारखं असते. त्याचा माल दगडात अन् मातीत असते. पानी तो झिजवून आनते नदीतून."

ती नळीवरून डोळा न काढता म्हणाली, "मंजे आमच्या बांधीतून."

मी खोटं बोलले नाही. तिला सांगितलं की गोदावरीत किती नद्या येतात, नाशिकपासून पाणी येतं, छत्तीसगडातून येतं. कोणता कण कुठला ते कुणी सांगू शकत नाही.

"तरी थोडीशी तं असन?"

"थोडीशी असन."

तिनं मान हलवली आणि पुन्हा पाहत बसली. किती वेळ ते मी पाहिलं नाही. मी तिच्या पाठीमागे उभी राहून तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तिच्या खांद्याचं हाड आता हाताला लागत होतं. एकदा तिनं पदरानं डोळा पुसला आणि म्हणाली, "या नळीत एकटक पाहून पानी येते."

मग खुर्ची फिरवून तिनं विचारलं, "आमचं खत बी इथीच आलं ना? मंग ते चांगलंच झालं म्हनाचं."

याचं उत्तर सोपं नव्हतं. मी तिला आमच्या तलावाची आठवण दिली. मी शाळेत असताना एका वर्षी वरच्या शेतांतलं युरियाचं पाणी वाहून तलावात उतरलं होतं. पाणी आधी हिरवं झालं, मग घट्ट झालं, आणि एका सकाळी सगळे मासे तोंड वर काढून श्वासासाठी तडफडत होते. दुपारपर्यंत उलटे झाले. बाबा म्हणाले होते, तलावाला नजर लागली. समुद्रातही कधीकधी तसंच होतं. खत जास्त झालं की प्लवक इतकं माजतं की ते मेल्यावर तळाशी जाऊन कुजतं, आणि कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं. मग तळाचे मासे, खेकडे मरतात. नदीनं आणलेलं थोडं हवंच, ते नसेल तर समुद्र उपाशी. पण शेतात न मुरता वाहून आलेलं ढीगभर खत, ते नको.

बाई ऐकत होती. "मंजे आमाले बी नाई पुरलं अन् इथी बी उरलं," ती म्हणाली.

ती आणखी आठवडाभर राहिली. नावाड्याच्या बायकोशी तिची चांगली गट्टी जमली. ती धक्क्यावर मासे विकायची. बाई सकाळी तिच्या शेजारी जाऊन बसायची, मासे धुवायला मदत करायची, गिऱ्हाईक आलं की दोघी मिळून भाव सांगायच्या. एके दिवशी नावाड्याच्या बायकोनं दुपारी आम्हाला जेवायला बोलावलं. चिंच घातलेलं, लालभडक तिखट कालवण होतं. पुराच्या पाण्याला उलटं चढून नदीत येतो तो मासा. नावाडी म्हणाला, गढूळ पाणी आलं नाही तर हा मासा येतच नाही, आणि पाठोपाठ समुद्र हिरवा झाला नाही तर आमच्या बाकी होड्यांनाही काही मिळत नाही. बाईनं मला ते मराठीत सांगितलं, मला समजलं नसेल म्हणून. मग ताटाकडे बघत म्हणाली, "खाय. पोटभर खाय. आपल्या घरचंच समज."

त्या दिवशी ती आल्यापासून पहिल्यांदाच पुन्हा भात मागून जेवली.

जाताना स्टेशनवर तिनं फार काही सांगितलं नाही. खिडकीतून हात बाहेर काढून माझी वेणी नीट केली. "येशीन ना?" विचारलं. मी म्हटलं, होळीनंतर येते.

आले ती होळीनंतरच. बाबांना भेटून नदीवर गेले तर भाऊजी कारखान्यात वगैरे काही गेले नव्हते. शेत विकलं नव्हतं. वरच्या बांध्या दुरुस्त केल्या होत्या, बांधावर गवत राखलं होतं, आणि खालच्या, ज्यांत नुसती रेती येऊन पडली होती, त्यांत बाईनं डांगराचे, म्हणजे टरबुजाचे, वेल लावले होते. आमच्या लोकांना रेतीत टरबूज करायची सवय जुनीच. दरवर्षी नदी आटली की पात्रात डांगरवाडी होतेच. यावर्षी नदीच शेतात आली होती, एवढाच फरक. खड्डे करून, त्यांत शेणखत भरून, घागरीनं पाणी घालून बाईनं वेल वाढवले होते. हिरवी, चट्ट्यापट्ट्यांची फळं रेतीवर पसरली होती.

"पुढच्या रोवन्यात खत एकदम टाकत नाई आमी," भाऊजी म्हणाले. "थोडं थोडं टाकू. पाऊस पाहून. तुया बहिनीनं डोकं खाल्लं माया."

"मंग? फुकटात समुद्राले चारता काय सारं?" बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. बाईनं गोणपाट पसरून टरबुजं मांडली. शेजारी भाजी विकणाऱ्या एकीनं मला पाहून बाईला विचारलं, "हेच काय वो तुमची समुद्रावाली? समुद्र किती मोठा हाय म्हन्ते तुमी, सांगा ना अजून."

बाईला ते पाहिजेच होतं. तिनं सांगायला सुरुवात केली, काचेच्या बांगड्यांसारखे जीव, एकाला एक जोडलेले, डोळ्याला दिसत नाहीत पण साऱ्या माशांचं पोट त्यांच्यावर. बाया गोळा झाल्या. कुणाला खरं वाटेना. एक म्हणाली, काचेचे कसे जिते राहातीन? बाईनं मला पुढे ओढलं, स्वतः उठली आणि तिची जागा मला दिली.

"बस इथी. तू सांग यायले नीट," ती म्हणाली, आणि एक टरबूज उचलून त्यावर टिचकी मारून गिऱ्हाइकाला ऐकवू लागली.